खालच्या वाडीने दिलेला नारळ

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

आंबेखोल, खालची वाडी,
जि. रत्नागिरी
दि. २१ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप तुळसाआक्का हिस,
शिवरामचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दसऱ्याच्या आधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याच्या शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. पण भात कापणीला आलं आणि पाऊस काही हलेना. खालच्या कोपऱ्यातलं भात आडवं झालंय, ते उद्या-परवा उचलायचं. तुझ्या कानांनी संप केला आणि आपलं फोनवरचं बोलणं बंद झालं, याचं मला वाईट वाटायला हवं. खरं सांगू? मुंबईला कंपनीत होतो तेव्हा दर पंधरा दिवसांनी तुझं निळं आंतरदेशीय यायचं, ते दिवस परत आल्यासारखे वाटतात. फोनवर तू नुसतं काय-काय करायचीस. पत्रात निदान मला ओरडावं लागत नाही.

निवडणूक लागली हे तुमच्या हेदवीतही कळलं असेलच. विधानसभेची. वीस नोव्हेंबरला मतदान. परवापासून वरच्या रस्त्याला एक रिक्षा फिरते. वर भोंग्यावर गाणं, आत एकटा चालवणारा, तोही मोबाइलमध्ये डोकं घालून. आपल्या लहानपणी भोंग्याची जीप पाखाडीच्या तोंडाशी आली की आपण जेवणावरून उठून पळायचो. बिल्ले मिळायचे. माझ्याकडे शिडीच्या निशाणीचे चार होते, सदऱ्याला लावून मी शाळेत गेलो आणि गुरुजींनी कान पिळला. उमेदवार चालत यायचा, ओटीवर घोंगडीवर बसायचा, कुळथाचं पिठलं आणि भाकरी खायचा. पडला तरी पुढच्या वर्षी शिमग्याला नमस्काराला यायचा. आणि बासष्ट साली आईने मतदानाच्या साहेबाला बाबांचं नाव सांगायचं नाकारलं, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून, आणि सगळी रांग अडकून पडली, तेव्हा मीच पुढे होऊन नाव सांगितलं होतं. आठवतं ना?

आता यातलं काही उरलं नाही, आक्का. मी ठरवलंय, यंदा मत द्यायला जाणार नाही. एकाहत्तर वर्षांचा झालो, एकही निवडणूक चुकवलेली नाही, ही चुकवणार. गुडघे दुखतात म्हणून सांगेन.

तू विचारशील, का? तर आपला नारळ. दोन हजार चार साली देवळात वाडीने आमदारकीला उभ्या राहिलेल्या साहेबांच्या नावाने नारळ ठेवला, की जोवर हा माणूस उभा राहील तोवर खालच्या वाडीची घरटी सगळी मतं याचीच; त्याने आपल्याला पऱ्यावर साकव, चालत जाण्यापुरता का होईना पूल, बांधून द्यावा. वाडीचा मानकरी, गावकर म्हणून नारळ माझ्या हाताने ठेवला. वीस वर्षं झाली. साहेब तीन चिन्हांवर उभे राहिले, आम्ही तिन्ही चिन्हांची बटणं दाबली. शब्द माणसाला दिलेला, चिन्हाला नव्हे. साकव अजून नाही. पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढलं की एक्केचाळीस घरं अलीकडे आणि शाळा, रस्ता, दवाखाना पलीकडे, जसं तुझ्या लहानपणी होतं तसंच. यंदा साहेब पुन्हा उभे आहेत. त्यांना मत द्यायला मन तयार नाही आणि दुसऱ्याला द्यायला देवाची भीती. म्हणून घरी बसणार.

एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आपल्या संदेशची ज्ञानू जूनमध्ये अठराची झाली. तिचं मतदार ओळखपत्र आलं. ते तिने देव्हाऱ्यात ठेवून मला नमस्कार केला आणि मग विचारलं, की आजोबा, तुम्ही नारळ ठेवलात तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते, मग माझं मत तुम्ही कसं काय देऊन टाकलंत? मला उत्तर देता आलं नाही. ही पोर पहिलीपासून चौथीपर्यंत पावसाळ्यात माझ्या खांद्यावर बसून पऱ्या ओलांडून शाळेत गेली आहे. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात वाडीची बैठक आहे, तिथे दर वेळेसारखा नारळाचा शब्द पुन्हा घ्यायचा. ज्ञानू म्हणते ती शब्द घेणार नाही. एका घराने मोडला तर सगळ्या वाडीला दोष, असं म्हणून लोक तिला बोलतील. मी काय करू ते कळव.

भाऊबीजेला येतोच. योगिनीला आणि पोरांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
शिवा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

हेदवी, ता. गुहागर
धनत्रयोदशी, दि. २९ ऑक्टोबर २०२४

चि. शिवरामास,
तुळसाआक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. योगिनीने वाचून दाखवते म्हटलं, पण मी चष्मा लावून स्वतःच वाचलं. बरं झालं. सगळंच सुनेने वाचावं असं ते नव्हतं.

आधी एक दुरुस्ती करते. बासष्ट साली बाबांचं नाव तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं. तू नऊ वर्षांचा घोडा शाळेच्या पायरीवर बसून रडत होतास, की आईच्या बोटाला शाई लावली तशी मला पण लावा. आई लाल काठाचं, शिमग्याला नेसायची ते लुगडं नेसून आली होती. मतदानाचा साहेब दोनदा विचारून थकला, आई पदर दातात धरून नुसती जमिनीकडे बघत उभी. शेवटी मी ओरडले, धोंडू भिकाजी. रांगेतले सगळे हसले, आणि घरी येऊन आईने मला धपाटा घातला, की बापाचं नाव असं कुणी ओरडतं का. त्या धपाट्यावर हक्क सांगायला मात्र तू येत नाहीस.

चांगलं आठवायला कुणालाही आवडतं रे. तेव्हाचे उमेदवार पिठलं खाऊन जायचे हे खरं, पण साकव त्यांनीही बांधला नाही. तेव्हा आपण लहान होतो आणि पाणी ओलांडायची आपल्याला मजा वाटायची, एवढाच फरक.

आता नारळाचं. शिवा, वीस वर्षं मी हे बोलले नाही, पण तू विचारलंस म्हणून लिहिते. त्या वर्षी गौरी-गणपतीला मी माहेरी आले होते आणि विसर्जनानंतर दोन दिवस राहिले. नारळ ठेवायच्या आधी देवीला कौल लावला, तेव्हा मी सभामंडपाच्या दुसऱ्या खांबाशी उभी होते. धाकू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की शब्द द्यायचा असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. धाकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पाकळी पडली आणि त्याने तुला विचारलं, कुठली? तू उजवी म्हणालास.

ती डावी होती. मी पाहिली.

देवीने नको म्हटलं होतं आणि तू होय सांगितलंस. ज्ञानूला उत्तर का देता आलं नाही ते तुला पक्कं ठाऊक आहे. गुडघ्यांना मध्ये आणू नकोस.

रागाने लिहीत नाही. भाऊबीजेला ये, मग बोलू. ओल्या काजूच्या बिया उन्हाळ्यात सुकवून ठेवल्यात, त्यांची उसळ करते. ज्ञानूला माझा पापा. तब्येतीला जप, आणि आठवणीत राहू दे.

तुझी आक्का


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

आंबेखोल, खालची वाडी
दि. ८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आक्का हिस,
शिवरामचा कृ. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही. जन्मात पहिल्यांदा. ज्ञानूकडून निरोप पाठवला की ताप आहे. ताप नव्हता. तुझं पत्र वाचलं आणि तुझ्यासमोर पाटावर बसायचं धैर्य झालं नाही. तू ओवाळशील आणि मी वर मान करून तुझ्याकडे कसा बघू? उसळ वाया गेली असेल. क्षमा कर.

होय, आक्का. डावी होती.

एवढी वर्षं मला वाटत होतं की हे मी आणि देवी, दोघांनाच माहीत. आता लिहायला बसलोय तर सगळंच लिहितो. त्या वर्षी श्रावणात साहेब पहिल्यांदा वाडीत आले. तेव्हा त्यांना कोण साहेब म्हणायचं? तरणाताठा मुलगा, पॅन्ट गुडघ्यावर दुमडलेली, चपला हातात, पऱ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून आला. मागे फक्त दोन पोरं. दोन्ही काठांवर फिरून त्याने पावलांनी अंतर मोजलं, बावीस पावलं, आणि वहीत लिहून घेतलं. मग ओटीवर बसून आमच्या हिने केलेलं पिठलं खाल्लं आणि मला शिवरामदादा म्हणाला. ही आत जाऊन मला म्हणाली की हा मुलगा करील हो काम. मलाही तसंच वाटलं. वाटलं म्हणजे किती, तर मी रात्री साकवाचं चित्र काढत बसायचो. कठडा कसा, पायऱ्या कुठे. म्हणून धाकूने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून उजवी निघालं. विचार करून खोटं बोललो असतो तर एक वेळ बरं. मला ती उजवीच पडायला हवी होती. वाकून पाकळी उचलली, मुठीत धरली, आणि सगळ्यांनी गजर केला.

पुढे पहिली पाच वर्षं मी वाट पाहिली. दुसरी पाच वर्षं साहेबांच्या वतीने वाडीची समजूत घातली. त्यानंतर साकवाचं नाव काढायचंच बंद केलं. हे असं किती माणसांचं होत असेल, आक्का? आपण एकदा कुणाला तरी मनापासून चांगलं म्हटलेलं असतं. ते चुकलं असं म्हणायचं तर आपण स्वतःच चुकलो म्हणावं लागतं. त्यापेक्षा बटण दाबणं सोपं.

तुझ्या पत्रानंतर मनात आलं, की ज्याला शब्द दिला त्यानेच तो परत केला तर? मग कुणालाच दोष नाही. सहा तारखेला साहेब वरच्या वाडीच्या शाळेत आले. मी धोतर नेसून, टोपी घालून गेलो. गाड्या किती, माणसं किती, सांगता सोय नाही. साहेबांच्या बाजूच्या पोराने त्यांच्या कानात माझं नाव सांगितलं, मग ते मला हात जोडून आजोबा म्हणाले. दादाचा आजोबा झालो, वीस वर्षांत तेवढी बढती मिळाली. मी त्यांना म्हटलं, साहेब, आमच्या वाडीने तुमच्या नावाने नारळ ठेवलाय, तो शब्द मोकळा करा. त्यांना काही उलगडेना. मी साकव म्हणालो तेव्हा चेहरा खुलला आणि म्हणाले की अहो, तुमचा साकव तर आपण कधीच केला! त्या पोरानेही मोबाइलमध्ये बघून मान डोलावली. कुठल्या वाडीचा केला देव जाणे. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून साहेब हसत म्हणाले, की नारळबिरळ काही मनात ठेवू नका, लोकशाही आहे, पटेल त्याला द्या, पण आम्हाला विसरू नका.

म्हणजे सुटलो. पण परत येताना पऱ्याच्या दगडावर बसलो आणि मला रडू आलं. एक्केचाळीस घरांनी वीस वर्षं देवाला भिऊन एक शब्द पाळला, आणि ज्याच्यासाठी पाळला त्याला तो दिला होता हेच माहीत नाही.

असो. आता त्रिपुरीच्या बैठकीत सांगेन की साहेबांनी स्वतःच्या तोंडाने शब्द सोडला. तेवढ्याने ज्ञानूचं मत मोकळं होतं. बाकीचं तुझ्या-माझ्यात राहू दे. शिमग्याला देवीच्या पालखीला पहिला खांदा आपल्या घरचा. बाबांचा होता, आजोबांचा होता. देवीचा कौल फिरवणाऱ्याला वाडी तो खांदा देईल का? माझं जाऊ दे, संदेश मुंबईहून सुट्टी काढून त्यासाठी येतो.

पत्राचं उत्तर लगेच टाक. चुकलेल्या धाकट्यावर नेहमी करतेस तेवढीच माया कर.

शिवा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

हेदवी
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. शिवास आशीर्वाद.

उसळ वाया गेली नाही, आम्ही खाल्ली. ताप नव्हता हे मला तेव्हाच कळलं. लहानपणी शाळा बुडवायलासुद्धा तुला तापच यायचा.

तुझं पत्र वाचून मलाही रडू आलं. तुझी बायको साहेबाला पिठलं वाढत असेल ते डोळ्यांसमोर आलं. किती हौसेने केलं असेल तिने. ती आज असती तर तिनेच तुला हात धरून देवळात नेलं असतं. ती नाही, म्हणून मी लिहिते.

बैठकीत साहेबाचं सांगून तू मोकळा होऊ नकोस. साहेब विसरला हे खरंच आहे, पण ते सांगून तू त्याचं पाप पुढे करशील आणि स्वतःचं मागे लपवशील. लोक म्हणतील, बघा, शिवरामने शब्द पाळला आणि मोठ्या माणसाने नाही. म्हणजे कौल फिरवणाराच वर सज्जन ठरला! आणि ज्ञानूला काय वाटेल? तिचं मत साहेबाने सोडलं म्हणून तिला मिळालं. साहेबाचं ते होतं कधी? ज्याने बांधलं त्याने सोडवावं.

पालखीचा खांदा जायचा असेल तर जाईल. माहेरचा मान म्हणूनच मीही वीस वर्षं गप्प राहिले, तेव्हा अर्धं पाप माझ्या पदरात घाल. खांबाशी उभं राहून बघितलं आणि आवाज काढला नाही. ज्या बाईने बारा वर्षांची असताना भर रांगेत बापाचं नाव ओरडून सांगितलं, तिला पंचावन्नाव्या वर्षी भावाचं खोटं सांगता आलं नाही.

हे पत्र बैठकीच्या आधी मिळावं म्हणून योगिनीला आजच गुहागरला पाठवते आहे. पोस्टवाले दया करतील तर बरं. देवळात उभा राहशील तेव्हा ताठ उभा राहा, तू वाकून बोलायला लागलास की पुटपुटतोस.

सगळ्यांना माझी आठवण सांग. काय झालं ते लपवाछपवी न करता कळव.

तुझी आक्का


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

आंबेखोल, खालची वाडी
दि. २१ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आक्का हिस,
शिवरामचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र त्रिपुरीच्या दिवशीच दुपारी आलं. खळ्यात उभ्याने वाचलं. मग पत्र ज्ञानूच्या हातात दिलं, आणि त्याच्याबरोबर आधीचंही. तिने दोन्ही वाचली, घडी घालून परत दिली आणि माझी धुतलेली टोपी आणून दिली.

संध्याकाळी देवळात पणत्या लागल्या. बायाबापड्या, मुंबईहून मतदानाला आलेले चाकरमानी धरून दीडशे माणूस असेल. धाकू गुरव जाऊन आठ वर्षं झाली, आता त्याचा नातू भावेश पूजा करतो. त्याने दर वेळेसारखा नवा नारळ आणून माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवला आणि ताठ उभा राहिलो. तू सांगितलंस म्हणून. गुडघे खरंच दुखत होते, पण ते असो.

साहेबांचं सांगितलंच नाही आधी. कौलाचंच सांगितलं. की त्या दिवशी पाकळी डावी पडली होती, मी उजवी म्हणालो, आणि तुम्ही माझ्या खोट्यावर वीस वर्षं मतं दिलीत. घरोघरच्या माणसांची मी ओंजळ धरून क्षमा मागतो. देवीची मागितली आहे. नारळाने तुम्हाला बांधलं ते मी, सोडवतोही मीच. आता ज्याचं मत त्याचं.

आक्का, पणतीतलं तेल चुरचुरताना ऐकू येत होतं. मला वाटलं, आता कुणीतरी अंगावर येणार. वाडीतल्या शंभूच्या पोराने बाह्या सरसावल्या होत्या, तो मुंबईचा, जरा तापट. तेवढ्यात गोदूबाई उठली. वरच्या घरातली, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आता कमरेत पार वाकलेली. काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, शिवा, पाकली डावी पडली ती म्या बगितली व्हती.

मग शंभू म्हणाला की त्यानेही पाहिली होती. शेजारची कमळा म्हणाली, तिनेही. तिच्या सासूनेही पाहिली होती आणि मरेपर्यंत कुणाला सांगू नको म्हणून तिला बजावलं होतं. असं एकेक करत अर्धा मंडप झाला. त्या दिवशी जे जे समोर उभे होते, त्या सगळ्यांनी पाहिली होती. देऊळ केवढं आणि उजेड किती, पण पाहिली होती.

ज्ञानू मागे बायांत बसली होती, तिला राहवलं नाही. तिने विचारलं की मग वीस वर्षांत एकानेही तोंड का उघडलं नाही? गोदूबाई तिला म्हणाली, बाय, आमाला साकव हवा व्हता. शिवान् उजवी म्हटलान्, आमाला ती उजवीच हवी व्हती. डावी म्हटली असती तर साकवाची आशाच गेली असती. खोटा बोलला तो येकटा, ऐकला ते आमी सगले.

तेव्हा मी खाली बसलो. वीस वर्षं मला वाटत होतं की या देवळात मी एकटाच चोर. आणि ही एक्केचाळीस घरं माझ्याच शेजारी बसून तीच चोरी जपत होती. मला हलकं वाटलं म्हणू की जास्त वाईट वाटलं म्हणू? साहेबांना बोल लावायला आता तोंडच उरलं नाही. त्यांनी आम्हाला फसवलं हे खरं, पण फसायला आम्ही सगळे आपल्या पायांनी देवळात गेलो होतो.

मग कुणीतरी सुचवलं, की झालं ते झालं, आता नवीन कौल लावूया, यंदा कुणाला द्यायचं ते देवीलाच विचारूया. भावेश पाकळ्या भिजवायला निघालासुद्धा. त्यावर गोदूबाई चिडली. म्हणाली, तिला पुन्ना कशाला विचारताव? तिने येकदा सरल सांगितलान् व्हता. आमीच ऐकला नाय. आता आपापल्या डोक्याला विचारा. आणि तिने तो नारळ उचलून दगडावर आपटला, खोबऱ्याचे तुकडे करून पोरांना वाटले, आणि बैठक संपली. साहेबांची टाळ्यांची गोष्ट मी मग परत येताना पाखाडीवर सांगितली. एवढे हसले सगळे की कमळाला ठसका लागला. पालखीच्या खांद्याचं अजून कुणी काढलं नाही. शिमग्याला काढतील तेव्हा बघू.

काल मतदान झालं. पूर्वी आम्ही सगळे एकदम निघायचो, मी पुढे. काल जो तो आपल्या वेळेला गेला. मी आणि ज्ञानू नऊ वाजता निघालो. पऱ्याला आता घोट्याएवढंच पाणी आहे, पण दगडांवर शेवाळ, तेव्हा तिने माझा हात धरून नेलं. वाटेत तिने कुणाला देणार ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळेत रांगेत उभी होती तेव्हा घटकेघटकेला ओळखपत्र काढून बघायची. बाहेर आली ती बोट वर धरून, आणि डोळे भरलेले. कशाला म्हटलं, तर म्हणाली, उगाच.

मग मी आत गेलो. जाणार नव्हतो ना, पण गेलो. मशीनसमोर उभा राहिलो आणि बोट हलेना. चार निवडणुका मी ती नावं वाचलीच नव्हती, नुसतं साहेबांचं शोधायचं आणि दाबायचं. काल पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत सगळी वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली. यातलं कुणी साकव बांधील असं मला वाटत नाही, आक्का. तसं वाटायचं वय गेलं. तरीपण बराच वेळ उभा होतो. शेवटी बाहेरून मॅडमनी विचारलं की आजोबा, मदत हवी का? मी नको म्हटलं आणि बटण दाबलं.

आयुष्यात तुझ्यापासून मी दोनच गोष्टी लपवल्या. पहिली तू खांबाशी उभं राहून तेव्हाच पाहिली होतीस. दुसरी म्हणजे काल कुणाला मत दिलं ती. ती मात्र कुणीच पाहिली नाही, आणि मी तुलाही सांगणार नाही. माझ्या हक्काची तेवढी एकच आहे.

कान आणि तब्येत सांभाळ. धाकट्यावर लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
शिवा